दुपारचं टायपिंग

सात नंबरचा कम्प्युटर पुन्हा चालू झाला होता.

शिवकन्या मॅडमनी गुण भरायचं काम थांबवलं आणि पडद्यावरची छोटी चौकट मोठी केली. शाळा सकाळची होती, पोरं कधीच घरी गेली होती. वडीगोद्रीत लाइट दुपारची यायची, म्हणून मॅडम एकट्याच ऑफिसात थांबायच्या आणि काम उरकून जीपनं अंबडला जायच्या. कम्प्युटरची खोली शाळेच्या पार दुसऱ्या टोकाला. तिची किल्ली मुख्याध्यापक तातेराव सरांकडे. सरांचं क्वार्टर शाळेच्या मागंच. मग सात नंबरवर दुसरं कोण असणार?

चौकटीत हळूहळू अक्षरं उमटली. 'उशा.' ती खोडली गेली. पुन्हा 'उशा.'

मॅडमनी तोंडाला पदर लावला. सरांच्या बायकोचं नाव उषाबाई.

शाळेला नुकतेच दहा कम्प्युटर मिळाले होते, पण जरा वेगळे. टेबलावर पडदा, कीबोर्ड आणि जेवणाच्या डब्याएवढी पेटी, एवढंच. शाळा समितीचे अध्यक्ष काकासाहेब यांनी आल्या आल्या एक पेटी उचलून पाहिली होती.

"मॅडम, ही तं रिकामीच लागून राह्यली."

"रिकामीच आहे, काकासाहेब. सगळा स्वयंपाक ऑफिसातल्या मोठ्या मशीनवर होतो. इथं नुसती ताटं मांडलीत."

काकासाहेबांना ते बराबर पटलं. चुलीपाशी बसलेल्याला कोणत्या ताटात काय चाललंय ते दिसतं का, आणि वाटलं तर तिथून वाढताही येतं का, हे त्यांनी विचारलं नाही. मॅडमनीही सांगितलं नाही.

तातेराव सर कडक माणूस. प्रार्थनेला कोणी उशिरा आलं की चष्म्यावरून नुसतं बघायचे, तेवढं पुरायचं. बायकोला त्यांनी नावानं हाक मारलेली गावात कोणी ऐकली नव्हती. 'ऐकलं का' एवढ्यावर त्यांचा संसार झाला होता. आणि हा माणूस भर दुपारी दार लावून बायकोचं नाव गिरवत बसतो! मॅडमना सरांविषयी एकदम माया वाटली. त्यांनी ऑफिसातूनच माऊस धरला आणि तिकडचा 'श' पुसून 'ष' केला.

बराच वेळ काही हललं नाही. मग खाली बिनचूक उमटलं, 'उषा. उषा. उषा.'

त्यानंतर हे रोजचंच झालं. नावावरून गाडी भाज्यांवर गेली. वांगं, मेथी, शेवगा. सर जेवून येत नसावेत, असं मॅडमना वाटलं. मग वाक्यं आली. 'आज लई ऊन हाय.' जोडाक्षरापाशी गाडी अडली की मॅडम इकडून हलकेच हात द्यायच्या. खोलीत जाऊन बघावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. एवढ्या मानी माणसाला अवघडल्यासारखं कशाला करायचं? सकाळी जीप चुकली म्हणून सर रागावले, तरी त्या गालात हसत ऐकून घ्यायच्या. सर बिचकायचे. एकदा तर त्यांनी आडोशाला जाऊन मिशीला काही लागलंय का ते बघितलं.

खोलीच्या उद्घाटनाला जालन्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले. गाव लोटलं होतं. बायका दाराशी होत्या, उषाबाई ओवाळणीचं ताट घेऊन पुढं. फीत कापून झाली आणि साहेबांनी विचारलं, "चालवून कोण दाखवतंय?"

मॅडमना राहवलं नाही. "आमचे मुख्याध्यापक दाखवतील, साहेब. स्वतः मराठीत टाइप करतात."

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान डोलावून धीर दिला. सर खुर्चीवर बसले. कीबोर्डवर त्यांचं एक बोट खाली येईना की वर जाईना.

"चालू द्या, सर," काकासाहेब म्हणाले. "जल्दी न्हाई."

सरांच्या कपाळावर घाम आला. मॅडम जवळ वाकल्या, तसे ते ओठातल्या ओठात पुटपुटले, "मॅडम, कुलूप लावण्यापलीकडं मी ह्या खोलीत कधी आलो न्हाई."

मॅडम चटकन सरळ झाल्या. आपण ह्या माणसाला भर गावासमोर बसवलं. साहेब घड्याळाकडे बघत होते. मागं कोणीतरी खाकरलं.

तेवढ्यात उषाबाई पुढं आल्या. ओवाळणीचं ताट त्यांनी मॅडमच्या हातात दिलं आणि सरांच्या कानाशी म्हणाल्या, "जरा सरका." सर सरकले. अर्ध्या खुर्चीवर टेकून उषाबाईंनी पदर खोचला आणि दोन बोटांनी टाइप केलं, 'साहेबांचे व गावकऱ्यांचे स्वागत असो.' जोडाक्षरासकट, न खोडता.

खोलीत गलका झाला. काकासाहेबांनी ते मोठ्यानं दोनदा वाचून दाखवलं.

"बाई, कुठं शिकलात?" साहेबांनी विचारलं.

"इथंच. दुपारचे हे झोपले की किल्ली घेऊन येत व्हते," उषाबाई खाली बघत म्हणाल्या. "शिकवाया कोणी न्हवतं, पर मशीनच लई मायाळू हाय. चुकलं की आपलं आपण नीट करती."

मॅडम ताटातल्या निरांजनाकडे एकटक बघत राहिल्या.

तातेराव सर पडद्यावरची ओळ वाचत होते. चष्मा काढून पुसून त्यांनी ती पुन्हा वाचली. उषाबाई लगबगीनं उठू लागल्या, तसं सरांनी त्यांचं मनगट धरून त्यांना खाली बसवलं.

"उद्यापासून," ते म्हणाले, "मला बी उठवत जा."