चढावरची टकटक

द्राक्षमळ्यांतून वर जाणाऱ्या त्या रस्त्यावर रविवारी सकाळी सेवेरिनो आणि त्याचा सोबती ओरेस्ते सोडले तर चिटपाखरूही नव्हतं. दोघांनी साठी ओलांडलेली. एकाने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, दुसऱ्याने त्याच्या आडोशाने यायचं, मग पाळी बदलायची. सायकलवरचा हा रिवाज ते तीस वर्षं पाळत आले होते.

ओरेस्ते पुढे होता. सेवेरिनोला मागून टकटक ऐकू आली. पाय थांबवून सायकल नुसती सोडून दिली की मागचं चाक वाजतं, तशी. पण हा तर छातीवरचा चढ. इथे पाय थांबवले तर माणूस जागेवरच आडवा व्हायचा.

"मागे कुणीतरी आहे रे."

"तुझं म्हातारपण असेल," ओरेस्ते हसला. मग त्यालाही ते ऐकू आलं असावं. त्याने जोर वाढवला.

टकटक चाकाला चाक लागेल इतकी जवळ आली. ना धाप, ना साखळीची करकर. मान वळवायचा सेवेरिनोला धीर होईना. भीती मोडायला म्हणून तो सवयीने बोलून गेला, "या की पुढे. तुमची पाळी."

"गाढवा," ओरेस्ते मागे न बघता पुटपुटला, "बोलावलंस कशाला?"

चर्चपाशी चढ संपला आणि सरळ उतार लागला. दोघांनी पाय थांबवले. आता दोघांची चाकं वाजू लागली. सेवेरिनोने कान देऊन ऐकलं. दोनच वाजत होती.

मागच्याने पाय मारायला सुरुवात केली होती.