तिकिटाची जाडी

महादेवरावांनी शर्टाच्या खिशातून एसटीचं तिकीट काढलं, त्याची चौघडी केली आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या फटीत सरकवली. बोटांनी ओढून पाहिली. जराशी अडली, मग सुटली. त्यांनी पान्यानं नट आवळला.

"फिरव," ते म्हणाले.

जनकाबाईंनी दोन्ही हातांनी पुली फिरवली. इंजिन दोन वर्षांपासून पडवीत लोखंडी घोडीवर होतं आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली. दोन दारांची, बिनटपाची, लाल, साठ वर्षांपूर्वीची शर्यतीच्या जातीची गाडी. महादेवरावांनी तिचं हेड घासून बुटकं केलं होतं, एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवले होते, धूर जायच्या वाटा रुंद केल्या होत्या. दोनदा इंजिन सुरू झालं. दोनदा आठवड्याभरात व्हॉल्व्ह जळले. आताचे व्हॉल्व्ह चेन्नईहून यायला चार महिने लागले होते, आणि हे शेवटचेच, असं पाठवणाऱ्यानं सांगितलं होतं.

जळलेल्यांपैकी एक पडवीच्या कोनाड्यात उभा होता. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवला जाई. व्हॉल्व्ह बसायच्या जागा चिखलीच्या तुळशीरामनं आपल्या लेथवर घासून दिल्या होत्या. चाळीस वर्षांचा दोस्त, पण डोळे मिटून काम केलं त्यानं, असं महादेवराव सांगत. तुळशीरामलाही त्यांनी हे त्याच्या दुकानात जाऊन, चार गिऱ्हाइकांदेखत ऐकवलं होतं. नंतर त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, तेव्हा ते गेले नाहीत.

तिसरा नट आवळून झाला आणि चौघडी खाली पडली. जनकाबाईंनी कंबरेवर हात ठेवून ती उचलली. मशीनमधून निघालेला गुळगुळीत कागद, अक्षरं फिकी पडलेली. त्या तो अंगठ्याखाली चोळत राहिल्या.

"काय वाचून राह्यली? भाडं?"

"मागच्या दोन्ही वेळी असंच तिकीट घेतलं होतं का तुम्ही?"

"मंग? पस्तीस वर्षं डेपोत यानंच मोजलं. फट मोजाची फिलरपट्टी हरपते, तिकीट खिशातच राह्यते. चार पदर, बस. बाकी हात सांगते, मास्तरीणबाई."

त्या आत गेल्या. देऊळघाटच्या शाळेत विज्ञान शिकवताना त्या रोज एसटीनं ये-जा करत आणि वाचता वाचता तिकीटच पुस्तकात खूण म्हणून ठेवत. तिसऱ्या पुस्तकात एक सापडलं. खरखरीत, जाडसर, वाहकानं भोक पाडलेलं. कपाटातून त्यांनी आपला स्क्रू गेज काढला आणि ओट्यावर दोन्ही चौघड्या मोजल्या. शून्याची चूक वजा केली. पुन्हा मोजल्या.

मग त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. जुनं तिकीट गुपचूप महादेवरावांच्या हातात दिलं असतं तरी चाललं असतं. इंजिन चाललं असतं. व्हॉल्व्ह कोनाड्यात राहिला असता, आणि दोष तुळशीरामच्या माथी. जनकाबाईंना आता फक्त पाठ टेकायची होती.

त्यांनी बाहेर येऊन दोन्ही तिकिटं आणि स्क्रू गेज स्टुलावर ठेवले.

"जुन्याचे चार पदर, शून्य पूर्णांक चाळीस मिलिमीटर," त्या म्हणाल्या. "या नव्याचे, चोवीस."

महादेवरावांनी चष्मा वर सरकवून स्क्रू गेज डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. रेघा काही लागेनात. त्यांनी तो परत दिला.

"तू वाच."

त्यांनी वाचलं. तेच आलं.

महादेवरावांनी एका हातात जुनं तिकीट घेतलं, दुसऱ्यात नवं, आणि दोन्ही चिमटीत चोळून पाहिली. नंतर त्यांनी हात बदलून पाहिले. त्यांच्या बोटांना काहीच फरक कळत नव्हता.

"फट कमी राह्यली. तापल्यावर व्हॉल्व्ह पुरा मिटतच नसंल," ते म्हणाले. "मंग जळंल नाही तं काय."

जनकाबाई म्हणाल्या की अजून तीनच लागलेत, सैल करून जुन्या तिकिटानं लावू, मी फिरवते. महादेवराव उठून कोनाड्यापाशी गेले. व्हॉल्व्हच्या काठावरची जळकी खाच अंगठ्यानं पुसली, तो चिंधीत गुंडाळला आणि पिशवीत टाकला. रॉकेलनं हात धुतले, मग साबणानं.

"चिखलीले जाऊन येतो."

"उन्हाचं कशाला? फोन करा ना त्यांना."

महादेवरावांनी वहाणा पायात सरकवल्या.

"मी तवा फोनवर नव्हतो बोललो," ते म्हणाले.

फाटकाची कडी वाजली. जनकाबाईंनी पाना उचलला आणि आवळलेले तिन्ही नट एकेक करून सैल केले.