कपावरची बशी

दादा इस्त्रीचा शर्ट घालून उमेदवाराच्या खुर्चीत ताठ बसला होता. धाकट्याला ते बघवत नव्हतं. मावसभाऊ असला तरी जन्मभर ज्याला दादा म्हटलं, त्याचीच मुलाखत घ्यायची म्हणजे काय थट्टा आहे?

"आज मी तुम्हाला तुम्हीच म्हणणार हं," दादा हसत म्हणाला. "घरचं नातं घरी."

धाकट्याची कंपनी जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकायची. कंपनी कसली, एक खोली, एक गोदाम आणि बोटांवर मोजण्याइतकी माणसं. आता गोदाम सांभाळायला कुणीतरी हवं होतं. सुरुवातीची माणसं चुकली की कंपनी गाळात, हे भागीदारीणबाईंचं पालुपद. दादाचं दुकान बंद पडलं होतं, वय पन्नाशीला टेकलं होतं. ही नोकरी त्याला हवीच होती. तसं तोंडाने बोलला नव्हता, एवढंच.

"कॉम्प्युटरवर मालाची नोंद जमेल?" शेजारी बसलेल्या भागीदारणीने विचारलं.

"नाही येत. पण मुलीकडून शिकून येईन. तुमचा वेळ नाही घेणार."

उत्तर सरळ होतं. भागीदारणीचा चेहराही जरा सैल झाला. धाकट्याच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. हा इथे आला की रोज दादाला कामं सांगायची. चुकला तर चारचौघांत बोलायचं. ते आपल्याच्याने व्हायचं नाही. त्याने आपल्या चहाच्या कपावर बशी पालथी घातली.

ही त्यांची खूण. माणूस नको वाटला की चहा संपवून कपावर बशी झाकायची. समोरच्याला पत्ता लागत नाही आणि दुसऱ्याने मुलाखत आवरती घ्यायची. भागीदारणीला नवल वाटलं, पण तिने पेनाला टोपण लावलं.

दादा बोलता बोलता अडखळला. त्याची नजर बशीवर होती.

तेव्हा कुठे धाकट्याला आठवलं. कंपनी दादाच्या माळ्यावर सुरू झाली तेव्हा भागीदारीण नव्हती. एकट्या पोराला बघून उमेदवार काढता पाय घ्यायचे, म्हणून पिकल्या केसांचा दादा शेजारी येऊन बसायचा. बशीची युक्ती त्याचीच. "तोंडावर नाही म्हणू नये रे," तो म्हणायचा, "माणूस आशेने आलेला असतो."

बशी काढायला धाकट्याने हात उचलला. पण काढून म्हणणार काय? हात परत मांडीवर आला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

दादाने अडलेलं वाक्य पूर्ण केलं. गोदामात ओल येते, खालचा कप्पा रिकामा ठेवा, असंही अगदी मन लावून सांगितलं. मग स्वतःचा चहा संपवून तो उठला.

"कळवतो आम्ही," भागीदारीण म्हणाली.

"हो, हो. सावकाश कळवा."

माळ्यावर आवरायचा त्याच सवयीने त्याने टेबलावरचे कप गोळा करायला घेतले. धाकट्याच्या कपावरची बशी उचलली आणि तो थांबला. कप काठोकाठ भरलेला होता. वर साय धरली होती.

"अरे धाकट्या," तो हळूच म्हणाला, "एक घोट तरी घ्यायचास."