राणीची मनधरणी

"फासा खाली ठेव. आधी बोल," सूत्रधार म्हणाला.

"भाट राणीला म्हणतो... जाऊ नका."

"एवढंच?" नर्स खेकसली. "एवढ्यावर माझं मांजरसुद्धा थांबायचं नाही!"

दर रविवारी दुपारी ही तिघं चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत जमायची. दुकान सूत्रधाराचं. खेळ सगळा तोंडी. सूत्रधार किल्ले, जंगलं, राक्षस उभे करायचा आणि बाकीच्यांनी आपापलं पात्र होऊन त्यातून वाट काढायची. काम फत्ते झालं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. नर्स तलवारबाज होती. आठवडाभर लोकांना हळुवार सुया टोचणारी ही बाई इथे बसली की मुंडकी उडवायची.

आणि कवळीवाला भाट होता. आता बघा, हा माणूस दिवसभर दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घासत बसणारा. जगाच्या तोंडाची सोय करायचा, पण स्वतःच्या तोंडाला कायमचं कुलूप. भाटाकडे तलवार नसते, त्याची सगळी जादू बोलण्यात. यानेच नेमका भाट निवडावा म्हणजे कमाल झाली.

त्याची जीभ अडखळते म्हणून सूत्रधाराने एक नियम केला होता. भाटाला जे बोलायचं ते त्याने आधी निवांत कागदावर लिहायचं, मग वाचायचं आणि कागद सूत्रधाराच्या हाती द्यायचा. मजकूर पाहून सूत्रधार गुण वाढवून देणार, मगच फासा. कागद हातात आला की कवळीवाला असं काही लिहायचा की नर्स बिस्किट तोंडात घालायची विसरायची. एवढी सवलत आपल्याला कोण देतं, असं वाटून त्याला सूत्रधाराचा फार आधार वाटे.

आधाराची गरजही होती. घरी बायको गेली तीन वर्षं हळूहळू गप्प होत गेली होती. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं 'जेवलास का' आणि 'दिवा बंद कर'. आता तिला दुसऱ्या शहरात बढती मिळाली होती. उत्तर सोमवारी कळवायचं होतं. 'तू येशील का' असं तिने विचारलं नव्हतं, 'जाऊ नकोस' असं त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. ती गेली तर परत येणार नाही, हे त्याला पक्कं कळत होतं आणि त्या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

बायको गप्प झालीय, हे त्याने तीन महिन्यांपूर्वी एकट्या सूत्रधाराला सांगितलं. पुढच्याच रविवारी खेळात बुरुजात राहणारी, कुणाशी न बोलणारी राणी आली. भाटाने तिचं मन वळवायचं होतं. मित्र आपली तालीम करून घेतोय, हे कवळीवाल्याच्या लक्षात आलं आणि त्याला अगदी भरून आलं.

"राणी कशी आहे?" त्याने विचारलं होतं.

"ते तूच सांग. तिला काय आवडतं, काय टोचतं. खरंखरं लिही."

त्याने खरंखरं लिहिलं. दर रविवारी एक कागद. आणि घरात फरक पडू लागला की हो! बायको गुणगुणायला लागली. एकदा खिडकीपाशी एकटीच हसत होती. आपल्यातला बदल तिला जाणवतोय, अशी त्याने मनाची समजूत घातली. तरी ती त्याच्याशी काही बोलत नव्हती.

"आज राणीचा निकाल लावू," सूत्रधार म्हणाला. "नव्या दुकानाची धावपळ आहे. पुढे काही दिवस जमायचं नाही."

कवळीवाल्याने लिहिलं, वाचलं, फासा टाकला. जेमतेम दोन आले.

"राणी दार उघडत नाही," सूत्रधार म्हणाला. "खेळ संपला."

"खड्ड्यात गेला तुझा खेळ!" नर्स उठलीच. "अरे, ही राणी कोण ते मला काय कळत नाही? इथे फासे काय टाकत बसलास? घरी जा! गेल्या महिन्यातलं ते ऐकण्याबद्दलचं, मला रडू फुटलं होतं त्याने. तेच बोल."

"घाई करू नकोस," सूत्रधार म्हणाला. "घरात असलं नाटकी बोललास तर ती हसेल."

"हसू दे," कवळीवाला म्हणाला. "तो कागद दे."

"आता कुठे शोधू? ढीगभर झालेत."

नाहीतरी त्याला पाठच होतं. रस्ताभर तो पुटपुटत चालला. माणसं वळून बघत होती.

बायको टेबलावर कपड्यांना इस्त्री करत होती. बाजूला बढतीचा फॉर्म होता, सही व्हायची होती. पळून जावं असं वाटलं. मग त्याने डोळे मिटले आणि भाट झाला.

"तू हसण्याआधी क्षणभर खाली बघतेस, कुणाची परवानगी मागावी तशी," तो म्हणाला. एकदाही अडखळला नाही. "मागू नकोस. तू गप्प झालीस कारण ऐकणारं कुणी उरलं नाही असं तुला वाटलं."

इस्त्री थांबल्याचं त्याला कळलं. त्याने डोळे उघडले. ती त्याच्याकडे बघत होती, तीन वर्षांत बघितलं नव्हतं तशी. त्याला केवढा धीर आला!

"मला सगळं ऐकायचंय. आजचं, कालचं, लहानपणचं. तू बोल..."

"...मी कुठेही जाणार नाही," ती त्याच्या आधीच म्हणाली.

कागदावर त्याचं पुढचं वाक्य अगदी हेच होतं. ती पांढरीफटक पडली होती.

"त्याची पत्रं," तिने विचारलं, "तू कधी वाचलीस?"