धुतलेलं कापड

“भाभी, पोराला चपलेवर पऱ्हाटीत सोडू नका. खुटं तिरकी छाटल्यालीत. बूट घाला त्याला,” शेत सांभाळणारे म्हस्कूकाका दोनदा म्हणाले होते. आयुषी ‘हो हो’ म्हणाली आणि हुरडा चोळत बसली. बूट नवे होते. मातीत खराब झाले असते.

आता चार वर्षांचा मयंक त्या कापूस निघालेल्या शेतात पडून रडत होता. चप्पल निसटून पाय खुटावर गेला होता आणि तळव्याचा मऊ भाग बोटभर फाटला होता. रक्त थांबत नव्हतं. नवरा दही आणायला गाडी घेऊन तीर्थपुरीला गेलेला. त्याला फोन लावायला म्हस्कूकाका रेंज शोधत बांधावरून पळत सुटले.

आयुषीने लाल चेनची पिशवी उपडी केली. शहरात, मस्तगडच्या घरी आठवडाभर व्हिडिओ बघून तिने ती भरली होती. निघताना नवरा म्हणालाही होता, “सगळा दवाखानाच घेतलास. डॉक्टरला तेवढं का सोडलंस?” थर्मामीटर होता. तापाची दोन औषधं, उलटीचं एक. डासांचा स्प्रे, सॅनिटायझर, कार्टूनच्या चिकटपट्ट्या. तिने पट्टीवर पट्टी लावली. प्रत्येक पट्टी रक्तावरून घसरून गेली. मग तिने नुसता तळहात दाबला, आणि थांबलं का ते बघायला लगेच उचलला. थांबलं नव्हतं.

पलीकडच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. तिथल्या धनगरांच्या पालातून, कापडी तंबूतून, एक बाई निघाली. अंगाभोवती घोंगडी, हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. ती पळत नव्हती. पाऊल बघून बघून, सावकाश येत होती.

“अहो, जरा जल्दी या ना!” आयुषी ओरडली.

बाईने चाल वाढवली नाही. जवळ आली, आधी एक हात जमिनीला टेकवला, मग गुडघे, मग बसली. आयुषीला तिचा रागच आला. लेकरू रक्ताने भरलंय आणि हिला कसलीच घाई नाही.

बाईने पिशवीची गाठ सोडली. आत कागदातलं कोरं ब्लेड होतं. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ, साबणाची वडी. आणि जुन्या सुती लुगड्याच्या दोन घड्या, उकळून धुतलेल्या. तिने एक घडी उचलली आणि क्षणभर तशीच थांबली. घडीकडे बघितलं. मयंकच्या पायाकडे बघितलं.

“हे मेंढरांचं तर नाही ना?” आयुषीने विचारलं. तोंडातून गेल्यावर ते तिचं तिलाच ऐकवेना.

“न्हाई. धुतल्यालं हाय,” बाई म्हणाली. तिने घडी जखमेवर दाबली आणि मयंकची टाच उचलून स्वतःच्या खांद्याला टेकवली.

मिनिटभरातच आयुषीचा हात घडीच्या टोकाकडे गेला.

“बघू नको, ताई. बघितलं की परत वाहतंय. तू पोराचं तोंड बघ.”

पहिली घडी भिजली. बाईने ती काढली नाही, तिच्यावरच दुसरी ठेवून दाबली. मयंकला म्हणाली, “राजा, त्या काळ्या कोकराला पाय किती?”

“चार,” मयंक हुंदका देत म्हणाला.

“बराबर. तुझ्या बापाला तरी येतंय का एवढं?”

मयंकला अर्धवट हसू आलं. आयुषी त्या हातांकडे बघत राहिली. भेगा पडलेले, रुंद, जराही न हलणारे. बाईच्या कपाळावर मात्र त्या थंडीतही घाम होता.

गाडीचा आवाज आला तोवर रक्त थांबलं होतं. बाईने कापडाचा काठ फाडून पाय आवळून बांधला.

“नाव काय तुमचं?”

“वर्षाराणी.”

“ब्लेड, दोरा, सगळं तयार ठेवलंय तुम्ही,” आयुषी म्हणाली. बोलता बोलता तिला रडू येत होतं. “मेंढी व्यायला आलीय का एखादी?”

“मेंढीला कशाला लागतंय कापड? ती चाटून पुसून घेती,” वर्षाराणी हसली. हात टेकून उठताना तिची घोंगडी सरकली. पोट पार खाली उतरलं होतं. “माझंच हाय. आज-उद्यात.”

आयुषीने मयंकच्या पायाकडे बघितलं. दोन्ही घड्या तिथे होत्या. पिशवीत कापडाचा एक तुकडाही उरला नव्हता.

“गाडीत बसा तुम्ही. आपण दोघी दवाखान्यात जाऊ.”

“अन् मेंढरं? मालक येऊ दे, मंग बघू. तुमी जावा. त्याला धनुर्वाताची सुई द्या आधी.”

मयंकला तीन टाके पडले. दाबून कुणी धरलं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. चांगलं धरलं होतं, म्हणाले. आयुषीने त्या रात्री स्वतःच्या दोन मऊ साड्या उकळल्या, वाळवल्या, इस्त्री केल्या. सकाळी नवऱ्याला घेऊन ती शेतावर आली तेव्हा पाल नव्हतं. चुलीच्या तीन दगडांत राख अजून कोमट होती.

“पहाटंच तळ उठला,” म्हस्कूकाका म्हणाले. “परतूरच्या अंगाला गेलीत.”

दिवस मावळेपर्यंत नवऱ्याने गाडी फिरवली. मेंढरं पुष्कळ भेटली. ती भेटली नाही.

परतूरकडे तुमच्या शिवारात कुणाची मेंढरं बसली असतील, तर तेवढं पालापर्यंत जाऊन या. वर्षाराणी आहे का विचारा, आणि कशी आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.