कोपराला कळते ती ऊब

"माझा हात थरथरतो आता. तूच कर," म्हणून बाईंनी चिमटा तिच्या हाती दिला आणि स्वतः प्रयोगशाळेतल्या स्टुलावर टेकल्या.

ट्रेमध्ये रानउंदराचं आतडं उभं चिरून पसरलं होतं. त्यात एकुलता एक जंत, दोऱ्याएवढा, अजून जिवंत. ज्या उतारावरची बिळं धुंडाळण्यात बाईंचं उभं आयुष्य गेलं, तिथे कालपासून बुलडोझर फिरत होता. हा तिथला शेवटचा उंदीर. जंत सरळ राहिला तरच जपून ठेवण्याजोगा. आक्रसून मेला तर त्याची ओळखही पटत नाही.

बाळंतपणाच्या रजेनंतर तिचा हा पहिलाच दिवस. चिमटा हाताला परका लागत होता.

"पहिल्यांदा काय केलं होतंस, आठवतं?"

"नका ना बाई."

"सगळे थंड पाण्यात टाकलेस. लोकरीचा गुंता झाला नुसता. आणि वर मला सांगतेस, झोपलेत."

ती हसली. तेव्हा या टेबलाभोवती दाटीवाटीने बसायच्या बाईंच्या सगळ्या विद्यार्थिनी. खिडकीतून तो उतार दिसायचा, आणि बाईंचं एकच पालुपद: उंदराच्या पोटात जेवढी ऊब, तेवढीच पाण्यात हवी. पाहुण्याला घर बदलल्याचं कळता कामा नये.

तिने मिठाचं पाणी तापवलं, काचेच्या पसरट भांड्यात ओतलं आणि बाही सारून त्यात कोपर बुडवलं.

"अगं, थर्मामीटर काय शोभेला ठेवलाय?"

ती ओशाळली. "सवय लागली बाई. घरी रोज तिच्या आंघोळीला..."

"मग काय म्हणतंय कोपर?"

"जरा निवू दे म्हणतंय."

दोघी थांबल्या. मग तिने जंत अलगद पाण्यात सोडला. तो वेटोळं करूनच पडला. बाई स्टुलावरून उठल्या. एक टोक हललं. एक वळी सुटली, मग दुसरी. न्हाताना लेकीच्या आवळलेल्या मुठी उघडतात, तसा तो सावकाश लांब झाला. तेवढ्यात तिने त्याला उचलून कढत स्पिरिटच्या बाटलीत सोडलं. तो सरळच राहिला.

बाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि फळीवर ठेवली.

ती भांडं रिकामं करायला निघाली.

"थांब जरा," बाई म्हणाल्या.

त्यांनी स्वेटरची बाही वर सारली आणि आपलं कोपर पाण्यात बुडवलं. खिडकीबाहेर धूळ उडत होती. पाणी पार निवेपर्यंत त्यांनी ते बाहेर काढलं नाही.