कड्यावरचा गरुड

इस्टेट सेल म्हणजे कुणीतरी मेलंय आणि पोरं घरातलं सामान विकून मोकळी होतायत, हे अर्विंग या अमेरिकन शहरात दहा वर्षं काढलेल्या रेणूला पाठ होतं. तिने चांदीच्या कड्याच्या आतल्या बाजूला भिंग लावलं.

"शैलजा, गरुडाचा ठसा! अस्सल जुनं मेक्सिकन. कारागिराची अक्षरंसुद्धा आहेत बघ."

"आधी धू हं ते. मेलेल्या बाईचं आहे."

"मेलेलीला काय कळतंय यार!" म्हणत रेणूने कडं हातात चढवलं.

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीवर 'विकली' अशी चिठ्ठी होती. खुर्चीत बसलेल्या गोऱ्या म्हातारीला मराठी कळत नव्हतं, पण कडं तिने ओळखलं.



"हे माझ्या नवऱ्याने मला घातलं होतं," ती इंग्रजीत हळूच म्हणाली. मग तिने आपल्या खुर्चीवरची चिठ्ठी वाचली. "मी मेले का?"